जुना एव्हिएशन हेडसेट कंपनीकडे दुरुस्तीला पाठवताना

पहिल्यांदा हेडसेट कंपनीकडे दुरुस्तीला पाठवला तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत मी एकच ओळ लिहिली होती: ‘नीट चालत नाही.’ सात आठवड्यांनी तो परत आला, सोबत त्यांचीही एकच ओळ: ‘तपासला, दोष आढळला नाही.’ जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं आणि पहिल्याच उड्डाणात डावा कान पुन्हा मुका झाला. राग आला खरा, पण चूक माझीच होती. त्यांच्या टेबलावर हेडसेट निवांत पडलेला असणार, केबल सरळ. माझ्या कॉकपिटमध्ये तीच केबल सीटच्या कडेवरून वळून जाते आणि मान फिरवली की ओढली जाते. आतली तुटकी तार टेबलावर जुळून बसायची आणि विमानात सुटायची. हे त्यांना कळणार कुठून? मी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर माझे, विद्यार्थ्यांचे आणि ओळखीतल्या वैमानिकांचे बरेच हेडसेट वेगवेगळ्या कंपन्यांकडे जाऊन आले. काही नव्यासारखे होऊन आले, काही ‘सुटे भाग नाहीत’ या शेऱ्यासह जसेच्या तसे. त्यातून बसलेली पद्धत इथे क्रमाने देतो आहे. दोष शोधण्याच्या भागावर मी जास्त वेळ घेतला आहे, कारण पैसे वाचतात ते तिथेच.

आधी ठरवा: हा हेडसेट कुठल्या जातीचा?

‘जुना’ या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत. साधा, म्हणजे पॅसिव्ह हेडसेट असेल तर त्यात फार काही नसतं: कानांवरचे दोन कप, दोन स्पीकर, बूमवरचा (म्हणजे तोंडासमोर येणाऱ्या दांडीवरचा) माइक आणि त्याचा छोटा अॅम्प्लिफायर, आवाजाची बटणं, केबल, दोन प्लग आणि डोक्यावरची पोलादी पट्टी. डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा एच१०-१३.४ हे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. अशा हेडसेटचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा काढून नवा बसवता येतो, त्यामुळे त्याचं वय किती याला फारसं महत्त्व नाही. वडिलांनी वापरलेला हेडसेट मुलाच्या डोक्यावर दिसतो तो याच जातीचा.

एएनआर (अॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन), म्हणजे उलट लहर सोडून बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या हेडसेटची गोष्ट निराळी. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग यांचं पेटंट १९३६ सालचं. पण वैमानिकांना दुकानातून विकत घेता येईल असा बोसचा पहिला एएनआर हेडसेट आला १९८९ मध्ये. त्याआधी १९८६ मध्ये, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या व्हॉयेजर विमानात त्याचा नमुना वापरला गेला होता. पुढे त्याच कंपनीचा एक्स १९९८ मध्ये, ए२० २०१० मध्ये आणि ए३० २०२३ मध्ये आला. हा क्रम सांगण्याचं कारण असं की, एएनआरमध्ये वर्षांपेक्षा पिढी मोजायची. नवी पिढी आली की मागच्या पिढीचे सर्किट बोर्ड बनणं काही काळाने थांबतं, आणि बोर्ड नसेल तर कितीही कुशल तंत्रज्ञ हात टेकतो. तुमच्या मॉडेलनंतर दोन पिढ्या येऊन गेल्या असतील तर दुरुस्तीऐवजी ‘जुना द्या, नव्यावर सूट घ्या’ असं उत्तर येण्याची तयारी ठेवा.

कपावरचं नाव आज त्याच मालकाकडे असेल असंही नाही. टेलेक्स २००६ मध्ये बॉशकडे गेली, पेल्टर २००८ मध्ये थ्रीएमकडे. जुन्या पत्त्यावर खोकं पाठवून ते महिनाभराने परत आलेलं मी पाहिलं आहे. नाव सध्या कोणाकडे आहे आणि त्यांचा दुरुस्ती विभाग कुठे आहे, हे शोधण्याला ही पहिली पायरी समजा.

सेकंडहँड घेतलेल्या हेडसेटबाबत आणखी एक तपासणी करा. डेव्हिड क्लार्कचा एच१०-५६ हेलिकॉप्टरचा आणि एच१०-७६ सैन्याचा. दोन्ही हिरवे, दोघांनाही चार जोडण्यांचा एकच जाड प्लग. पण सैन्याच्या हेडसेटमध्ये सुमारे ५ ओहमचा डायनॅमिक माइक असतो आणि स्पीकरही कमी ओहमचे; नागरी विमानांची ऑडिओ यंत्रणा १५० ते ६०० ओहमचे स्पीकर आणि विमानातून वीज घेणारा अॅम्प्लिफायरवाला माइक गृहीत धरते. असा हेडसेट नागरी विमानात लावला की माइक मेल्यासारखा वाटतो आणि कानातला आवाज विचित्र येतो. तो बिघडलेला नसतो, चुकीच्या घरात आलेला असतो. कंपनीकडे पाठवला तर तेही तेच सांगतील, फक्त कुरिअरचा खर्च झाल्यावर.

दोष हेडसेटचाच आहे ना?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार हेडसेटच्या बाबतीत वारंवार होतो. म्हणून विमान उभं असताना, इंजिन बंद ठेवून, अर्धा तास काढा. बॅटरी फार खाल्ली जाणार नाही इतपतच यंत्रणा चालू ठेवा. सोबत धडधाकट म्हणून माहीत असलेला एक हेडसेट आणि एक माणूस हवा.

सुरुवात अदलाबदलीने. तुमचा हेडसेट दुसऱ्या सीटच्या जॅकमध्ये, धडधाकट हेडसेट तुमच्या जॅकमध्ये. दोष हेडसेटबरोबर गेला तर हेडसेटचा, जागेवर राहिला तर जॅकचा किंवा इंटरकॉमचा, म्हणजे विमानातल्या विमानात बोलण्याच्या यंत्रणेचा. जमलं तर दुसऱ्या विमानातही हेच करा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी ती न करता पाठवलेले हेडसेट मी मोजायचं सोडून दिलं आहे.

मग प्लग. नेहमीच्या विमानातल्या दोन प्लगांपैकी कानाचा जाड, ६.३५ मिलिमीटरचा, आणि माइकचा थोडा बारीक. दोन्ही ‘टक्’ होईपर्यंत आत गेले पाहिजेत. अर्धवट बसलेला प्लग सगळ्या रोगांची लक्षणं दाखवतो. पितळ काळवंडलं असेल तर मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. सँडपेपर लावू नका.

एकच कान बंद असेल तर हेडसेट उघडण्याच्या आधी तीन ठिकाणं पाहा. कपावरचं आवाजाचं बटण पिशवीत घासून शून्यावर गेलेलं असतं, हे पहिलं. ते दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर येऊन आवाज परतला तर बटणाच्या आतली पट्टी मळली आहे एवढंच. स्टिरिओ-मोनोची कळ हे दुसरं. स्टिरिओवर ठेवलेला हेडसेट मोनो जॅकमध्ये लावला की एक कान हमखास जातो. तिसरं, इंटरकॉमवरचा त्या सीटचा आवाज.

माइकची तक्रार असेल तर ती नेमकी काय आहे ते आधी वेगळं करा. इंटरकॉमवर शेजारच्याला तुमचा आवाज नीट जातो, पण रेडिओवर जात नाही? मग माइक ठीक आहे, बोलण्याच्या बटणाची वायर किंवा रेडिओ पाहा. माइकच्या प्लगच्या टोकाकडची जोडणी त्या बटणासाठी असते आणि मधल्या कड्यातून आवाज जातो, म्हणून असं अर्धवट होऊ शकतं. आवाज जातो पण इंजिनाचा गोंगाटही जातो? मग माइकची जागा पाहा. हे माइक पुढून आणि मागून दोन्हीकडून आवाज घेतात. दोन्हीकडे सारखा पोहोचणारा गोंगाट आपसात कटतो आणि अगदी जवळून आलेला तुमचा आवाज उरतो. म्हणून तो ओठांपासून तीन ते सहा मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ टेकलेला हवा, आणि त्याची बोलण्याची बाजू ओठांकडे हवी. फोमची टोपी बदलताना माइक उलटा फिरला आणि मालक सहा महिने ‘माइक कमजोर झालाय’ म्हणत राहिला, असं एकदा झालं. बोलण्याच्या बाजूची खूण टोपीखाली असते. टोपी काढून पाहा.

माइक मोबाइलला किंवा संगणकाला लावून तपासायला जाऊ नका. त्याला विमानाकडून साधारण ८ ते १६ व्होल्ट मिळावे लागतात. ते नसतील तर चांगला माइकही गप्पच बसणार.

आता केबल, आणि इथे घाई नको. हेडसेट डोक्यावर घाला, सोबतच्या माणसाला सलग बोलायला सांगा (आकडे मोजायला सांगा, माणसं विषय विसरतात), आणि केबल प्लगपासून वरपर्यंत वीतवीतभर बोटांनी वाकवत जा. तार सहसा तीन जागी तुटते: प्लगच्या मानेशी, केबलला दोन फाटे फुटतात तिथे, आणि कपात शिरते तिथे. खरखर झाली किंवा आवाज गेला की थांबा आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. ही पट्टी तशीच ठेवून हेडसेट पाठवायचा. माझ्या पहिल्या हेडसेटला ही चार बोटांची पट्टी असती तर सात आठवडे आणि दोन कुरिअर वाचली असती.

मल्टिमीटर असेल तर साध्या हेडसेटच्या कानाच्या प्लगवर टोक आणि मूळ यांच्यात ओहम मोजा आणि केबल हलवा. आकडा किती येतो ते मॉडेलप्रमाणे बदलतं. तुम्हाला पाहायचं आहे ते आकडा स्थिर राहतो का. उड्या मारत असेल तर तार तुटकी. एएनआर हेडसेटमध्ये मध्ये सर्किट असल्यामुळे या मोजणीवर विसंबू नका.

एएनआरसाठी वेगळी कसोटी आहे. नव्या बॅटऱ्या घाला; ‘कालच बदलल्या’ हे उत्तर चालत नाही. डब्यात पांढरं-हिरवं साचलेलं दिसलं तर तो गळलेल्या अल्कलाइन बॅटरीचा क्षार आहे. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने, आणि वाळू द्या. बरेच ‘मेलेले’ एएनआर इथेच जिवंत होतात. त्यानंतर एएनआर बंद करून रेडिओ ऐका. बंद असताना सगळं ठीक आणि चालू केल्यावर शिट्टी, गडगड किंवा शांतता, तर इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा सीलचा, म्हणजे कानाभोवतीच्या गादीचा, दोष. दोन्ही वेळा तोच कान मुका, तर केबल किंवा स्पीकर. ही एक ओळ दुरुस्ती करणाऱ्याचा बराच वेळ वाचवते.

‘पूर्वीसारखा शांत राहिला नाही’ ही तक्रार असेल तर

ती वेगळी काढतो, कारण अशा वेळी बहुधा काहीच पाठवावं लागत नाही. कानाभोवतीची गादी, इअर सील, घामाने आणि उन्हाने कडक होते, तिला भेगा पडतात, जेलवाली असेल तर ती गळून सपाट होते. कप आणि कातडी यांच्यात फट पडली की स्वस्त हेडसेट काय आणि महागडा काय, सारखाच. एएनआरला तर याचा दुप्पट त्रास: कपात हवेचा दाब बंदिस्त राहिला नाही की सर्किट गोंधळतं आणि घरघर किंवा शिट्टी सुरू होते. चष्म्याची जाड दांडीही हेच करते. चष्मा काढून एकदा ऐकून बघा.

सीलची जोडी, डोक्यावरची गादी आणि माइकची टोपी मागवा आणि घरी बसवा. बहुतेक सील कपाच्या कडेवर ताणून बसतात, हत्यार लागत नाही. जुनं सील काढल्यावर आतला फोमही पाहा. जुना पॉलियुरेथेन फोम काही वर्षांनी भुसभुशीत होऊन भुकटी पडते, आणि ती स्पीकरवर साचली की आवाज फाटका येतो. नवा फोम मूळ जाडीचाच घ्या. एएनआर हेडसेटमध्ये फोमची जाडी बदलणं म्हणजे सर्किटचं गणित बिघडवणं.

एवढं करूनही गोंगाट कमी होत नसेल, तर डोक्यावरच्या पट्टीचा ताण गेला आहे किंवा कपाला केसासारखी चीर गेली आहे. आता पाठवा.

कंपनीला पहिला निरोप

परवानगीशिवाय खोकं पाठवू नका. बहुतेक कंपन्या आधी एक परतावा क्रमांक देतात, ज्याला आरएमए म्हणतात. क्रमांक नसलेलं खोकं गोदामात कोणाच्या तरी टेबलाखाली बसून राहतं.

निरोपात मॉडेलचं पूर्ण नाव, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहा. हे लेबल कपावर बाहेर असतं, नाहीतर सील काढल्यावर आत सापडतं. घासून गेलं असेल तर लेबल, प्लग, माइक आणि दोन्ही कप यांचे स्वच्छ फोटो जोडा. माइकच्या आणि प्लगच्या आकारावरूनही दुरुस्ती विभागातल्या जुन्या माणसांना मॉडेल ओळखता येतं.

मग प्रश्न. माझ्या अनुभवात हे प्रश्न आधी विचारले नाहीत तर नंतर महागात पडतात. या मॉडेलचे सुटे भाग अजून आहेत का? दर ठरावीक आहे की भाग आणि कामाचे तास धरून? नुसती तपासणी करून परत मागवला तर काय आकारता? ठरलेल्या मर्यादेबाहेर खर्च गेला तर विचारूनच काम कराल ना? परत पाठवण्याचं कुरिअर कोणाकडे? केलेल्या दुरुस्तीवर हमी किती दिवसांची, आणि ती बदललेल्या भागापुरती की सगळ्या हेडसेटवर?

आणि एक प्रश्न जो लोक विसरतात: हाच हेडसेट परत येईल ना? काही ठिकाणी, विशेषतः एएनआरच्या ठरावीक दराच्या दुरुस्तीत, तुमचा ठेवून घेऊन दुरुस्त केलेला दुसराच पाठवतात. वापरण्यापुरता विचार केला तर त्यात काही वाईट नाही. पण ज्या हेडसेटवर पहिलं एकट्याचं उड्डाण झालं किंवा ज्यावर गुरूंचं नाव कोरलं आहे, तो असा गेला की गेला. हवा असेल तर लेखी सांगा, आणि दुरुस्ती शक्य नसेल तरी परत पाठवा असंही लिहा. नाहीतर काही कंपन्या तो भंगारात काढतात.

हेडसेट खाजगी उड्डाणासाठी असेल तर कागदपत्रांचा प्रश्न सहसा येत नाही. एअरलाइन किंवा चार्टरवाल्यांकडे मात्र टीएसओ-सी१३९ (विमानातल्या ऑडिओ उपकरणांचं अमेरिकी मानक) मान्यतेचा हेडसेटच लागेल असा नियम असू शकतो, आणि दुरुस्तीनंतर भागाच्या नोंदीसाठी अमेरिकेच्या विमान नियामकाचा एफएए फॉर्म ८१३०-३ किंवा युरोपच्या नियामकाचा ईएएसए फॉर्म १ मागितला जाऊ शकतो. तो हवा असेल तर काम सुरू होण्याआधी सांगा. काम झाल्यावर मागितलेला दाखला मिळणं कठीण.

खोक्यात ठेवायची चिठ्ठी

ही चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांसमोर बसून सांगितलेलं दुखणं. ‘बरं वाटत नाही’ म्हणून चालत नाही. कुठे, कधी, कशाने वाढतं, कशाने थांबतं. कंपनीला कळेल त्या भाषेत, पण या धर्तीवर लिहा:

‘आरएमए क्रमांक अमुक. मॉडेल अमुक, सिरियल नंबर तमुक. तक्रार: डावा कान मधूनमधून बंद पडतो. डावीकडे मान वळवल्यावर जास्त होतं. केबल डाव्या कपात शिरते तिथे वाकवली की दर वेळी होतं. ती जागा लाल पट्टीने दाखवली आहे. उजवा कान आणि माइक ठीक. दोन विमानांत, दोन्ही सीटवर तपासला. दुसरा हेडसेट त्याच जॅकमध्ये नीट चालतो. कप उघडलेला नाही. इअर सील गेल्या महिन्यात नवे बसवले आहेत, ते बदलू नयेत. अमुक रकमेपर्यंत न विचारता काम करावं, त्यावर गेल्यास आधी कळवावं. दुरुस्ती होत नसल्यास आहे तसा परत पाठवावा.’ खाली नाव, पत्ता, फोन, मेल.

त्यातलं सीलचं वाक्य मुद्दाम आहे. पूर्ण तपासणीला आलेल्या हेडसेटचे सील, गाद्या आणि टोपी सरसकट बदलून बिलात लावणं ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे, आणि जुने असतील तर ते बरंच. नवे असतील तर उगाच भुर्दंड.

‘कप उघडलेला नाही’ हे खरं असेल तरच लिहा. उघडून एखादा डाग दिला असेल, तार कापून जोडली असेल, तर सरळ सांगा. सोल्डर पाहून तंत्रज्ञाला तसंही क्षणात कळतं, आणि कळल्यावर बाकीच्या चिठ्ठीवरचा विश्वासही जातो.

बांधणी

हेडसेटबरोबर जे जे विजेचं आहे ते सगळं पाठवा: बॅटरीचा डबा, मध्ये लावायची अॅडॅप्टर केबल, वेगळी निघणारी खालची केबल. दोष त्यातच निघाला आणि तेच घरी राहिलं तर पुन्हा ‘दोष आढळला नाही’. पिशवी, जादा सील, कापडी कव्हर घरी ठेवा.

सुट्या बॅटऱ्या काढून घ्या. आतच बसवलेली लिथियम बॅटरी असेल तर कुरिअरवाल्याला आधीच सांगा. उपकरणातल्या लिथियम-आयन बॅटरीसाठी यूएन ३४८१ हा क्रमांक लागतो आणि त्याप्रमाणे लेबल लावावं लागतं. वेगळी, सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहतुकीत नेण्यावर एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, म्हणून ती खोक्यात टाकू नका. वैमानिकानेच हा नियम मोडावा हे शोभत नाही.

बूम कपाला समांतर वळवून घ्या, केबल सैल गुंडाळा (कपाभोवती आवळून नको, कपात शिरण्याच्या जागी तीच तार तुटते), दोन्ही कपांच्या मध्ये कागदाचा गोळा ठेवा म्हणजे पट्टी चेपणार नाही. सगळ्या बाजूंनी चार बोटं गादी. खोकं बंद करण्याआधी सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. आरएमए क्रमांक बाहेर ठळक, आणि आत चिठ्ठीवरही.

खोकं सीमा ओलांडणार असेल तर

डेव्हिड क्लार्क आणि बोस दोघेही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे, लाइटस्पीड ओरेगनची. त्यामुळे जगातल्या बऱ्याच वैमानिकांच्या हेडसेटला परदेशवारी घडते. त्याआधी कंपनीला विचारा की तुमच्या भागात त्यांचं अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे का. असेल तर पुढचा त्रास वाचला.

नसेल तर दोन कस्टम्सशी गाठ आहे. जाताना बिलावर ‘वापरलेला हेडसेट, दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं स्पष्ट, सिरियल नंबरसह लिहा. हेडफोन-हेडसेटचं शुल्क वर्गीकरण ८५१८.३० आहे. किंमत खरी लिहा. शुल्क टाळायला नाममात्र किंमत लिहिणारे लोक खोकं हरवलं की विम्याचे तेवढेच नाममात्र पैसे घेऊन बसतात. शुल्क लागलंच तर ते कोण भरणार हे कंपनीशी आधी ठरवा. बहुतेक कंपन्या पाठवणाऱ्याच्या माथी मारतात आणि कोणीच भरलं नाही तर खोकं परत फिरतं.

खरी ठेच येताना लागते. तुमचाच हेडसेट परत येताना नवा माल समजून पूर्ण किमतीवर शुल्क आकारलं जातं. यावर उपाय बाहेर पाठवण्याआधीचा आहे: वस्तू आपल्याच देशातून गेली याची कस्टम्सकडून सिरियल नंबरसह नोंद करून घेणं. अमेरिकेतून बाहेर पाठवणाऱ्यांसाठी हा फॉर्म ४४५५ आहे. इतर देशांत नाव वेगळं असेल, पण दुरुस्तीला जाऊन परत येणाऱ्या वस्तूंची काय तजवीज आहे ते कस्टम्सला किंवा कुरिअर कंपनीच्या कस्टम्स विभागाला पाठवण्याआधी विचारा. नोंद असली की शुल्क लागलं तरी बहुधा दुरुस्तीच्या रकमेवर लागतं. कंपनीलाही सांगा की परतीच्या बिलावर दुरुस्तीची रक्कम आणि हेडसेटची किंमत वेगवेगळी दाखवा.

खर्चाचा अंदाज आल्यावर

भाग आणि काम, दोन्ही बाजूंचं कुरिअर, विमा, शुल्क, सगळं एका कागदावर मांडा. साधा हेडसेट असेल आणि बेरीज नव्याच्या निम्म्याच्या आत असेल तर मी डोळे झाकून हो म्हणतो, कारण तो पुढची कित्येक वर्षं चालणार आहे. एएनआरमध्ये मी कंजूष होतो. बोर्ड बदलला तरी बाकीचं वय तेच राहतं, आणि पुढच्या वेळी बोर्ड मिळेलच असं नाही. तिथे बेरीज नव्याच्या एक तृतीयांशावर गेली की मी जुना देऊन सूट घेण्याचा पर्याय विचारतो.

कंपनी ‘केबल बदलू’ म्हणाली आणि माइकही जुना असेल तर तो आत्ताच बदलून घ्या. इलेक्ट्रेट माइकमधला कायमचा विद्युतभार दमटपणाने आणि वर्षांनी उतरत जातो; कुरिअरचा खर्च एकदाच झालेला बरा.

हेडसेट दूर असेपर्यंत उसना घ्या, पण त्यावर आधी जमिनीवर बोलून बघा. विमानात हातातला माइक आणि छताचा स्पीकर असेल तर तेही चालतात का पाहून ठेवा.

परत आल्यावर

खोकं उघडतानाचे फोटो काढा आणि सिरियल नंबर ताडून बघा. सोबतचा कागद वाचा: काय बदललं, काय तपासलं, हमी कधीपर्यंत. तुमची लाल पट्टी अजून तशीच असेल आणि कागदावर केबलचा उल्लेख नसेल तर त्याच दिवशी फोन करा.

मग जमिनीवर सुरुवातीच्याच सगळ्या तपासण्या, त्याच क्रमाने, त्याच सोबत्याबरोबर. दोन्ही सीट, दोन्ही कान, माइक, केबल वीतवीतभर वाकवून. टॉवरशी किंवा दुसऱ्या विमानाशी रेडिओ चेक घ्या. आवाज किती स्पष्ट येतो ते समोरचा एक ते पाचमध्ये सांगतो; पाच आलं पाहिजे, चारवर समाधान मानू नका. एएनआर असेल तर इंजिन चालू करून मान दोन्हीकडे पूर्ण वळवा, जबडा हलवा, चष्मा घाला-काढा. पहिल्या उड्डाणात दुसरा हेडसेट हाताशी ठेवा.

आणि उड्डाण करा, लवकर. एकदा दुरुस्त होऊन आलेला हेडसेट मी ‘जपून’ कपाटात ठेवला आणि पाच महिन्यांनी बाहेर काढला. दहाव्या मिनिटाला उजव्या कानात खरखर. दुरुस्तीची हमी नव्वद दिवसांची होती. आता मी हेडसेट आल्याच्या पंधरवड्यात किमान पाच तास त्यावर उडतो, आणि दुरुस्तीची तारीख व हमी संपण्याची तारीख डाव्या कपात, सीलच्या आत, कागदी पट्टीवर पेन्सिलने लिहून ठेवतो. शाई घामाने पुसते.